सहा आंकड्यांची सही

कागद पुरता वाचल्याखेरीज त्यावर सही करूं नये, ही शिकवण आपल्या घराघरांतून वडीलधारी माणसें मुलांना देत आलीं आहेत. गहाणखत असो कीं साधी पावती असो, तो कागद दोनदां वाचून, जरूर तर घरांतील जाणत्या माणसास दाखवून, मगच लेखणी हातीं घ्यावयाची, असा शिरस्ता असे. आज मात्र त्याच घरांतून मोबाइलवर येणारा ओटीपी, म्हणजे एकदांच चालणारा परवलीचा अंक, पलीकडच्या माणसास बेधडक सांगितला जातो. हा अंक म्हणजे आपली सहीच होय, ही गोष्ट आपल्या मनांत अद्याप ठसलेली नाहीं.

एकदांच चालेल अशा परवलीच्या शब्दाची एक पद्धति लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञानें १९८१ सालीं मांडली. चोरानें शब्द ऐकला तरी तो त्यास पुन्हां उपयोगी पडूं नये, हा तिचा हेतु. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनें १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांस कार्डावर न दिसणारा आणखी एक पुरावा आवश्यक ठरविला. आणि पुढें एसएमएसनें येणारा अंकच त्यासाठीं रूढ झाला.

परंतु हा अंक सिद्ध काय करतो? त्या नंबरावर आलेला संदेश कोणाच्या तरी हातीं पडला, एवढेंच. तें कोण, हें त्यास कळत नाहीं. म्हणून भामट्यास दोन वाटा मोकळ्या राहतात. पहिली वाट संदेशच पळविण्याची. २०१७ च्या जानेवारींत जर्मनींतील कांहीं खातेदारांचे संदेश टेलिफोन कंपन्यांच्या आपसांतील यंत्रणेंतून परस्पर वळवून चोरांनीं त्यांचीं खातीं रितीं केलीं. खोट्या कागदपत्रांवर आपल्या नंबराचें दुसरें सिमकार्ड काढणें, हा त्याचाच सोपा प्रकार. अशा वाटा बुजविण्याचें काम सरकार करीत असतें. १ जुलै २०२४ पासून, सिम बदलल्यावर सात दिवसांच्या आंत नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेतां येत नाहीं.

दुसरी वाट अंक वदवून घेण्याची. तिला सरकारी कुलूप नाहीं. ‘खातें बंद होईल’, ‘आज रात्रीं वीज तोडली जाईल’, अशी भीति घालावयाची आणि ‘फोन ठेवूं नका, कोणास सांगूं नका’ असें बजावावयाचें, ही भामट्यांची ठरीव रीत आहे. घरांतील दुसऱ्या माणसाशीं विचारविनिमय होण्याचीच त्यांना धास्ती असते.

येथें आपल्याच एका प्रेमळ संवयीकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. चिरंजीव नोकरीनिमित्त परगांवीं किंवा परदेशीं असतात. विजेचें बिल, विम्याचा हप्ता ते तेथूनच भरतात आणि फोनवर विचारतात, ‘बाबा, ओटीपी काय आला?’ बाबा चष्मा लावून सहा आंकडे वाचून दाखवितात. यांत मुलाचा हेतु शुद्ध. पण फोनवर विचारल्यास अंक सांगावयाचा असतो, हा धडा बाबांना महिन्याच्या महिन्याला मिळतो. भामटा नवें कांहींच शिकवीत नाहीं. आपण पाडलेल्या वळणाचा तो फायदा घेतो. अशा प्रसंगीं वृद्धांस बावळट ठरविणें अन्यायाचें आहे, आणि त्यांच्या हातून मोबाइल काढून घेणें त्याहून अन्यायाचें.

कायद्याची बाजूहि ध्यानांत असावी. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकांत रिझर्व्ह बँकेनें असें तत्त्व घालून दिलें कीं, ग्राहकाची वा बँकेची चूक नसतां पैसे गेले आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकानें कळविलें, तर तोशीस ग्राहकास नाहीं. परंतु त्यानें आपली गुप्त माहिती स्वतःच दुसऱ्यास दिली असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचें नुकसान त्याचें. जन्मभराची पुंजी अशी एका वाक्यानें जाऊं शकते.

येत्या रविवारीं सर्व मंडळी जेवणास एकत्र असतील, तेव्हां कांहीं गोष्टी ठरवून टाकाव्या. संदेश शेवटपर्यंत वाचावा. रक्कम आणि ती कोणास जाणार, हें बहुधा त्यांतच लिहिलेलें असतें. आपण न मागवितां आलेला अंक कोणासहि सांगूं नये. मुलांनीं फोनवरून तो मागणें आजपासून सोडावें. नेहमींचीं बिलें बँकेस सांगून परस्पर भरण्याची सोय करावी, बाकीचें वडिलांनीं स्वतः करावें, आणि अडल्यास घरांतल्या कोणी शेजारीं बसून दाखवावें. बंद पडद्यावर संदेश दिसूं देऊं नये. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून मोबाइलमध्यें कोणतेंहि ॲप घेऊं नये. मोबाइलची रेंज अकारण गेली आणि बराच वेळ आली नाहीं, तर दुसऱ्या फोनवरून कंपनीस विचारावें. आणि इतकें करूनहि पैसे गेलेच, तर लाजेनें गप्प न बसतां त्याच क्षणीं बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावें. पैसे पुढें सरकण्यापूर्वीं अडविले जाण्याचा संभव त्यावरच अवलंबून असतो. त्या वेळीं घरांतल्या कोणीहि बोल लावणार नाहीं, हें वचनहि त्याच पंगतींत वडिलांस द्यावें.