अमेरिकन फुटबॉलचा अमेरिकेबाहेरील प्रसार

अमेरिकन फुटबॉल हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सर्वाधिक लोकप्रिय सांघिक मैदानी खेळ होय. प्रेक्षकसंख्या, उत्पन्न आणि दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण या तिन्ही बाबतींत तो तेथे अग्रस्थानी आहे. मात्र मेक्सिको, जपान, जर्मनी यांसारखे काही देश वगळता अमेरिकेबाहेर त्याला मोठा चाहतावर्ग मिळालेला नाही. बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल हे खेळही अमेरिकेतच जन्मले आणि अल्पावधीत जगभर पोहोचले. त्यामुळे या खेळाचा प्रसार मर्यादित राहण्याचे कारण त्याच्या मायदेशात नसून साहित्य, मैदान, शिकवणारी माणसे आणि खेळाभोवतीचे लोकजीवन यांत शोधावे लागते. महाराष्ट्रात या खेळाची व्यावसायिक स्पर्धा रुजवण्याचा प्रयत्न २०११–१२ मध्ये झाला. राज्याच्या पूर्व टोकावरील चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत व्हॉलीबॉल रुजला आहे, अमेरिकन फुटबॉल मात्र प्रचारात नाही. एकाच देशातून आलेल्या दोन खेळांचे हे भिन्न भवितव्य खेळांच्या प्रसाराची कारणे समजण्यास उपयुक्त ठरते.

खेळाचे स्वरूप

प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. दोन्ही टोकांच्या गोलक्षेत्रांसह मैदान १२० यार्ड लांब व ५३⅓ यार्ड रुंद असते. चेंडू लंबगोल असून तो बहुतांश वेळ हातात धरूनच पुढे नेला जातो किंवा फेकला जातो. आक्रमक संघाला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकावे लागते. अशा प्रत्येक प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात नेल्यास ‘टचडाउन’ होऊन सहा गुण मिळतात.

भारतात व जगाच्या बहुतेक भागांत ‘फुटबॉल’ हा शब्द पायाने खेळल्या जाणाऱ्या खेळासाठी रूढ आहे. त्यामुळे या खेळाला प्रत्येक ठिकाणी नावापासूनच स्वतःची ओळख करून द्यावी लागते.

उगम

६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स व प्रिन्स्टन या महाविद्यालयांत झालेला सामना हा अमेरिकेतील पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना मानला जातो. त्याचे नियम आजच्या खेळापेक्षा बरेच वेगळे होते. १८८० नंतरच्या दशकात वॉल्टर कॅम्प यांनी सुचवलेल्या बदलांमुळे हा खेळ रग्बीपासून वेगळा झाला. १९०५ च्या हंगामातील मृत्यूंमुळे त्यावर बंदी घालण्याची मागणी झाली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी या प्रश्नात लक्ष घातले आणि १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास मान्यता देण्यासह अनेक सुधारणा झाल्या. १९२० मध्ये व्यावसायिक संघांची संघटना स्थापन झाली. तीच १९२२ पासून नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजेच एनएफएल, या नावाने ओळखली जाते. तिच्यात सध्या ३२ संघ आहेत.

अमेरिकेबाहेरील प्रयत्न

एनएफएलच्या पुढाकाराने १९९१ मध्ये ‘वर्ल्ड लीग’ सुरू झाली. दोन हंगामांनंतर ती थांबली. १९९५ मध्ये ती युरोपपुरती पुन्हा सुरू झाली व पुढे ‘एनएफएल युरोप’ या नावाने चालली. सततच्या तोट्यामुळे २००७ मध्ये ती बंद करण्यात आली. त्या वेळी तिच्या सहा संघांपैकी पाच जर्मनीतील होते.

यानंतर परदेशात नवी लीग चालवण्याऐवजी मूळ लीगचेच काही सामने परदेशात भरवण्यावर भर देण्यात आला. २००५ मध्ये मेक्सिको सिटीत झालेल्या सामन्याला एक लाखाहून अधिक प्रेक्षक उपस्थित होते. २००७ पासून लंडनमध्ये, २०२२ पासून जर्मनीत आणि २०२४ मध्ये ब्राझीलमधील साओ पावलो येथे असे सामने झाले. या सामन्यांना गर्दी होते. परंतु वर्षातून एखादा सामना पाहणे आणि खेळ गावोगावी रुजणे या भिन्न गोष्टी आहेत.

जेथे हा खेळ खरोखर रुजला, तेथे तो शिक्षणसंस्थांतून किंवा प्रत्यक्ष सहवासातून पोहोचला. जपानमध्ये १९३४ पासून विद्यापीठांनी तो स्वीकारला. मेक्सिकोत मोठ्या विद्यापीठांच्या परस्परस्पर्धेतून तो वाढला. जर्मनीत दुसऱ्या महायुद्धानंतर दीर्घकाळ राहिलेल्या अमेरिकी सैनिकांमुळे त्याची ओळख झाली.

मर्यादित प्रसाराची कारणे

साहित्य व मैदान : शिरस्त्राण, चेहऱ्यापुढील जाळी, दातांचे संरक्षक, खांद्यांचे व मांड्यांचे कवच आणि खिळ्यांचे बूट एवढे साहित्य प्रत्येक खेळाडूस लागते. मैदानाचे क्षेत्रफळ सुमारे ५,३५० चौरस मीटर, म्हणजे सव्वा एकराहून अधिक भरते. व्हॉलीबॉलचे क्रीडांगण १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद, म्हणजे १६२ चौरस मीटरचे असते. एका अमेरिकन फुटबॉल मैदानात व्हॉलीबॉलची सुमारे ३३ क्रीडांगणे मावू शकतात. कबड्डीला चेंडूही लागत नाही. साहित्य महाग असलेले खेळ पसरतच नाहीत असे नव्हे. क्रिकेटचे अधिकृत साहित्यही महाग असते. परंतु क्रिकेट लाकडी फळी व रबरी चेंडूवरही खेळता येते आणि तसे खेळूनही ते क्रिकेटच राहते. अमेरिकन फुटबॉलमध्ये अंगावर धडकून पाडणे हा खेळाचा गाभा असल्याने कवचाशिवाय तो मूळ स्वरूपात सुरक्षितपणे खेळता येत नाही.

नियम व खेळाची गती : सामन्याचा अधिकृत वेळ ६० मिनिटांचा असला, तरी प्रक्षेपण तीन तासांहून अधिक चालते. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१० मध्ये केलेल्या पाहणीत चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा काळ सरासरी ११ मिनिटांच्या आसपास आढळला. नियमांची गुंतागुंत आणि वारंवार पडणारा खंड ही कारणे नेहमी सांगितली जातात. तथापि क्रिकेटमध्येही प्रत्येक चेंडूनंतर खेळ थांबतो आणि पायचीतचा नियम सोपा नाही. तरीही भारतीय प्रेक्षकाला त्याची अडचण वाटत नाही, कारण ते नियम बालपणीच अंगवळणी पडलेले असतात. नियम कठीण वाटतात ते प्रामुख्याने जो खेळ स्वतः कधी खेळला नाही, त्याचे. यामुळे खेळाडूंशिवाय प्रेक्षक घडत नाहीत आणि प्रेक्षकांशिवाय खेळाला आधार मिळत नाही, असे चक्र निर्माण होते.

वाहकांचा अभाव : बास्केटबॉल (१८९१) व व्हॉलीबॉल (१८९५) हे दोन्ही खेळ मॅसॅच्युसेट्स राज्यात वायएमसीए या संस्थेच्या शिक्षकांनी तयार केले. ते थोड्या जागेत व थोड्या खर्चात खेळता येतात. याच संस्थेच्या जगभरच्या शाखांनी ते देशोदेशी नेले. भारतात हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापन केले. तेथे तयार झालेल्या शिक्षकांमार्फत हे खेळ शाळांपर्यंत गेले. क्रिकेट व फुटबॉल भारतात आले ते ब्रिटिश लष्कर, रेल्वे व शाळा यांच्या वाटेने. अमेरिकन फुटबॉलला भारतात असा कोणताही वाहक लाभला नाही.

सामाजिक संदर्भ : अमेरिकेत हा खेळ गावाच्या जीवनाशी जोडलेला आहे. शुक्रवारी शालेय, शनिवारी महाविद्यालयीन व रविवारी व्यावसायिक सामने असा तेथील आठवड्याचा क्रम ठरलेला असतो. माजी विद्यार्थी आपल्या संस्थेचा सामना पाहण्यासाठी गावी परततात आणि ‘थँक्सगिव्हिंग’च्या सणाला सामना पाहण्याची जुनी प्रथा आहे. सामना परदेशात नेता येतो, त्याचे प्रक्षेपणही करता येते. मात्र हे नातेसंबंध सोबत जात नाहीत. त्यातच वेळेचा फरक असतो. ‘सुपर बोल’ हा अंतिम सामना अमेरिकेत रविवारी सायंकाळी सुरू होतो, तेव्हा भारतात सोमवारची पहाट झालेली असते.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे अल्प महत्त्व : पायाने खेळला जाणारा फुटबॉल असो वा क्रिकेट, देशादेशांतील सामने हे नवे चाहते मिळवण्याचे मोठे साधन ठरले आहे. अमेरिकन फुटबॉलची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९९ पासून होते, परंतु एनएफएलचे प्रमुख खेळाडू तिच्यात उतरत नसल्याने तिला तेवढे महत्त्व आलेले नाही.

दुखापती : डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांमुळे माजी खेळाडूंच्या मेंदूला होणारा ऱ्हासकारी विकार २००५ पासून वैद्यकीय चर्चेचा विषय झाला आहे. नव्या देशातील शाळांनी हा खेळ स्वीकारण्याआधी या बाबीचा विचार होणे स्वाभाविक आहे.

महाराष्ट्रातील प्रयत्न

२०११ मध्ये ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ या व्यावसायिक स्पर्धेची घोषणा झाली. माजी खेळाडू कर्ट वॉर्नर, प्रशिक्षक माइक डिटका व अभिनेता मार्क वॉलबर्ग यांसारखी अमेरिकेतील प्रसिद्ध नावे तिच्याशी जोडलेली होती. महाराष्ट्रातून ‘पुणे मराठाज’ व ‘मुंबई ग्लॅडिएटर्स’ हे संघ उभे राहिले. खेळाडू प्रामुख्याने रग्बी, कबड्डी, मैदानी क्रीडाप्रकार इत्यादींतून निवडून त्यांना नव्याने प्रशिक्षण देण्यात आले. पहिला हंगाम २०१२ मध्ये श्रीलंकेत कोलंबो येथे खेळवला गेला आणि पुण्याच्या संघाने अंतिम सामन्यात दिल्लीच्या संघाचा ६–० असा पराभव केला. तथापि पुण्यामुंबईच्या संघांचे सामने त्यांच्या स्वतःच्या शहरांतील प्रेक्षकांसमोर झाले नाहीत. त्यानंतर या लीगला दरवर्षी सातत्याने होणाऱ्या स्पर्धेचे रूप आले नाही.

२०१४ मध्ये सुरू झालेली प्रो कबड्डी लीग ही याउलट स्थिती दर्शवते. भांडवल, प्रक्षेपण व शहरांच्या नावाचे संघ या गोष्टी दोन्हींकडे सारख्याच योजलेल्या होत्या. कबड्डीच्या मागे मात्र शाळा, तालीम व गावोगावच्या मंडळांचा अनेक दशकांचा आधार होता. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. कबड्डीला आशियाई क्रीडास्पर्धेत स्थान मिळण्यास मात्र १९९० साल उजाडले. खेळ परक्या भूमीत रुजण्यास लागणारा काळ यावरून लक्षात येतो.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील स्थिती

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. गडचिरोलीचे सुमारे तीन चतुर्थांश क्षेत्र वनाच्छादित असून वस्त्या विखुरलेल्या आहेत. अशा ठिकाणी खेळ पोहोचतो तो शाळेमार्फत, विशेषतः आश्रमशाळांमार्फत. आदिवासी विकास विभागाचे चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी व भामरागड असे प्रकल्प या भागात आहेत. आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय व विभागस्तरीय क्रीडास्पर्धांत कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल व मैदानी क्रीडाप्रकारांचा समावेश असतो. गडचिरोली पोलीस दलही दुर्गम भागातील तरुणांसाठी कबड्डी व व्हॉलीबॉलच्या स्पर्धा भरवते.

व्हॉलीबॉलसाठी दोन खांब, एक जाळी व एक चेंडू पुरतो आणि तेवढ्यावर बारा जण खेळू शकतात. धानाची कापणी झाल्यावर रिकाम्या झालेल्या बांधीतही क्रीडांगण आखता येते. सव्वा एकराचे सपाट, दगडविरहित व हिरवळीचे मैदान राखणे मात्र तालुक्याच्या ठिकाणीही अवघड असते. जेथे उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते, तेथे कवच व शिरस्त्राण घालून सराव करणेही कष्टप्रद ठरते.

खेळाची निवड हा येथे केवळ आवडीचा प्रश्न नाही. दहावी-बारावीच्या परीक्षेतील सवलतीचे क्रीडागुण आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण यांचा लाभ मान्यताप्राप्त खेळांतील विहित कामगिरीवर अवलंबून असतो. दुर्गम गावातील विद्यार्थ्याने कोणता खेळ धरावा हे त्यामुळे शाळेत कोणता खेळ शिकवला जातो आणि त्याच्या स्पर्धा कुठवर होतात यावर ठरते. ज्या खेळाला तालुक्यापासून राज्यापर्यंतची शिडी नाही, तो दूरचित्रवाणीवर कितीही आकर्षक दिसला तरी विद्यार्थ्याच्या आयुष्यात त्याला जागा मिळत नाही.

खेळ आणि लोकजीवन यांच्या नात्याचे स्थानिक उदाहरण म्हणजे शंकरपट. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात, सुगीनंतर बैलजोड्यांच्या शर्यती भरतात. त्या निमित्ताने लेकी-सुना व पाहुणे गावी येतात आणि रात्री झाडीपट्टी रंगभूमीची नाटके रंगतात. शर्यत काही क्षणांची असते. लोक जमतात ते तिच्याभोवतीच्या मेळ्यासाठीही. शंकरपटाची केवळ शर्यत उचलून दुसऱ्या देशात नेली, तर तेथील प्रेक्षकाला तिच्यातील गोडी कळणे कठीण जाईल. अमेरिकन फुटबॉलची परदेशातील अडचण काहीशी अशीच आहे.

फ्लॅग फुटबॉल

फ्लॅग फुटबॉल हा या खेळाचा सुटसुटीत प्रकार होय. त्यात प्रत्येक संघाचे पाच खेळाडू असतात. प्रतिस्पर्ध्याला पाडण्याऐवजी त्याच्या कमरेला लावलेली कापडी पट्टी ओढली जाते, त्यामुळे कवचाची गरज राहत नाही. गोलक्षेत्रांसह मैदान ७० यार्ड लांब व २५ यार्ड रुंद, म्हणजे मूळ मैदानाच्या चतुर्थांशाहून थोडे अधिक असते. मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात १६ ऑक्टोबर २०२३ रोजी क्रिकेट, स्क्वॉश, लॅक्रॉस व बेसबॉल-सॉफ्टबॉल यांच्यासह या खेळाचा २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये समावेश करण्यास मान्यता मिळाली.

साहित्य व मैदान या दोन अडचणी या प्रकारामुळे बऱ्याच कमी होतात. शिकवणारे शिक्षक, शालेय स्पर्धांची उतरंड आणि गावाच्या वार्षिक जीवनातील स्थान या गोष्टी मात्र नियमबदलाने मिळत नाहीत. व्हॉलीबॉलला त्या मिळण्यास अनेक दशके लागली.

हेही पाहा

अमेरिकन फुटबॉल
आट्यापाट्या
कबड्डी
झाडीपट्टी रंगभूमी
व्हॉलीबॉल
शंकरपट