नळी कधी निघणार?

मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन चांगलं झालं, असं सर्जन सांगतात आणि पाठोपाठ म्हणतात, "दोन-तीन दिवस व्हेंटिलेटरवर ठेवू." बाहेर थांबलेल्यांच्या कानात दुसरंच वाक्य राहतं. पुण्याहून भोरजवळच्या उत्रोलीला फोन जातो तोही "मशिनवर ठेवलंय" एवढाच. आणि गावाच्या लेखी मशीन म्हणजे आशा सोडायची. खरं तर ही वेळ कुणावर येईल, याचा अंदाज बऱ्याचदा आधीच बांधता येतो. तो घरच्यांना आधी कळत नाही, ही माझी तक्रार.

गाठ केवढी, यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचं. कपाळामागची मोठी गाठ काढलेला पेशंट अनेकदा त्याच दिवशी बोलू लागतो. डोक्याच्या मागच्या भागात, लहान मेंदू आणि मेंदूच्या देठापाशी असलेली सुपारीएवढी गाठ मात्र काढल्यावरही कधी कधी कित्येक दिवस व्हेंटिलेटरची तोंडातली नळी काढू देत नाही. श्वासाची लय राखणारं केंद्र त्या देठातच असतं. घसा, स्वरयंत्र आणि जीभ चालवणाऱ्या नसाही तिथूनच निघतात. त्या दुखावल्या, की श्वास चालू असूनही लाळ फुप्फुसात उतरते आणि ती खोकून बाहेर टाकता येत नाही.

म्हणून ऑपरेशनआधी डॉक्टर चमचाभर पाणी गिळायला लावतात, "आ" करायला सांगून टाळू उचलली जाते का ते बघतात, जोरात खोकायला लावतात. ठसका लागला, आवाज घोगरा आला, की एमआरआयमध्ये न दिसलेली गोष्ट समजते. शुद्ध कितपत आहे, वय, दमा, विडी-तंबाखू, जन्मभर चुलीचा धूर घेतलेली छाती, हे सगळं हिशेबात येतं. ऑपरेशन किती तास चाललं, रक्त किती गेलं, मेंदूला सूज किती, ही भर नंतरची.

नळी काढण्याची घाई महागात पडते. श्वास अपुरा पडला, की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि बंद कवटीत दाब वाढतो. उलट नळी रेंगाळली, तर न्यूमोनियाची भीती. नळी काढायची का, हे ठरवताना शुद्धही बघतात. ती मोजायची ग्लासगोची मोजपट्टी १९७४ साली आली आणि आज जगभर वापरात आहे. पण तिचे काही गुण बोलण्याला असतात आणि तोंडात नळी असलेला माणूस बोलणार कसा?

नळीतून असा दिवस-दिवस श्वास देणं मुळात माणसांच्या हातांनीच सुरू झालं. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्यातल्या नळीतून हातानं हवा देण्याचा मार्ग धरला. सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीनं पिशव्या दाबत बसले.

आता गाठीची जागा, गिळणं, खोकला, वय अशा सगळ्या खुणांना गुण देऊन यंत्र लागण्याची शेकडा किती शक्यता, ते सांगणारी गणितं निघाली आहेत. समजा, उत्तर शंभरात तीस आलं, तर त्याचा अर्थ, अशा शंभर पेशंटांपैकी तिसांना यंत्र लागेल. आपला माणूस त्या तिसांत आहे का, हे गणित सांगत नाही. शिवाय एका रुग्णालयाच्या नोंदींवर बेतलेलं गणित दुसरीकडे पडताळल्याशिवाय वापरू नये.

तरी आकडा आधी कळला, तर आयसीयूचा बेड धरून ठेवता येतो. उत्रोलीहून कापूरहोळला महामार्ग गाठून पुण्याला ये-जा करायची की तिथंच राहायची सोय बघायची, हे ठरवता येतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, ते ऑपरेशनआधीच विचारून घेता येतं.

आठवडा-दोन आठवड्यांत तोंडातली नळी निघाली नाही, तर गळ्याला छिद्र करून ती तिथून बसवतात. अशा माणसाला घरी आणायचं, तर कफ ओढायचं मशीन लागतं आणि ते बहुधा विजेवर चालतं. लाइट गेल्यावर चालेल असं पायानं दाबायचं मशीनही मिळतं. सुट्टी मिळण्याआधी नर्सबाईंसमोर घरातल्या दोघांनी तरी ते चालवून बघावं.