मुलाच्या बाजूने कोण बोलणार? (लेखांक ७)

वर्णभेदी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेने जे जे मोडीत काढायचे ठरवले, त्यात फटक्यांची शिक्षाही होती. किशोरवयीन आरोपीला फटके मारण्याचा हुकूम न्यायाधीशाने द्यायचा आणि सरकारी माणसाने तो बजावायचा, हा तिथला जुना रिवाज घटना न्यायालयाने जून १९९५मध्ये रद्द केला. पुढच्याच वर्षीच्या शाळा कायद्याच्या दहाव्या कलमाने शाळेतल्या छडीवरही बंदी आली. ही बंदी खासगी शाळांनाही लागू होती, आणि तिथे वाद पेटला.

‘ख्रिश्चन एज्युकेशन साउथ आफ्रिका’ ही स्वतंत्र ख्रिस्ती शाळांची संघटना. तिच्या १९६ शाळांत साडेचौदा हजारांच्या आसपास मुले शिकत होती. मुलाला वळण लावण्याची जबाबदारी देवाने आईवडिलांवर टाकली आहे, त्यासाठी छडी वापरायला पवित्र शास्त्रानेच सांगितले आहे आणि आईवडील तो अधिकार राजीखुशीने शिक्षकांकडे सोपवतात, असे संघटनेचे म्हणणे होते. आधाराला पवित्र शास्त्राच्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकातली वचने होती. धर्मस्वातंत्र्य तर नव्या घटनेनेच दिलेले होते. मग सरकारने मध्ये का पडावे?

१८ ऑगस्ट २००० रोजी घटना न्यायालयाने या बंदीतून सूट देण्याची संघटनेची मागणी एकमताने फेटाळली. निकालपत्र न्यायमूर्ती ॲल्बी सॅक्स यांनी लिहिले. वर्णभेदाविरुद्ध लढताना १९८८ साली मापुटोमध्ये त्यांच्या गाडीत बॉम्ब ठेवला गेला होता. त्यात त्यांचा उजवा हात गेला आणि एका डोळ्याची दृष्टीही गेली. शासनाची हिंसा अंगावर झेललेला हा माणूस; पण या पालकांबद्दल निकालात तुच्छतेचा एक शब्द नाही. त्यांची श्रद्धा खरी आहे हे त्यांनी मान्य केले. श्रद्धा की कायदा, अशा कोंडीत शासनाने श्रद्धावंतांना होता होईल तो पकडू नये, असेही म्हटले. मात्र श्रद्धा आहे म्हणून प्रत्येक कायद्यातून आपोआप सूट मिळेल, असे कोणाला म्हणता येणार नाही. प्रार्थना, शास्त्राभ्यास, शाळेचे एकूण ख्रिस्ती वातावरण यांपैकी कशालाही कायद्याने हात लावलेला नव्हता. शिक्षकाने मुलावर हात उचलायचा नाही, एवढेच त्याने सांगितले होते.

या निकालातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट कायद्याच्या युक्तिवादाबाहेरची आहे. पालकांचे वकील बोलले, सरकारचे वकील बोलले. ज्यांच्या अंगावर छडी पडणार होती, त्यांच्या वतीने मात्र कोणीच उभे नव्हते. मुलांचे हित मांडायला स्वतंत्र प्रतिनिधी असता तर बरे झाले असते, असे सॅक्स यांनी नोंदवले. मोठ्या मुलांना तर स्वतःचे म्हणणे नीट सांगता आले असते. शिस्तीवरच्या धार्मिक चर्चेत हे आजही घडते. आईवडिलांचे कर्तव्य, शिक्षकाचा अधिकार, समाजाचे अधःपतन या सगळ्यांवर बोलणे होते आणि मूल तेवढे गप्प असते.

आता त्या वचनांकडे येऊ. छडी आवरणारा बाप मुलाचा द्वेष करतो, या अर्थाचे वचन नीतिसूत्रांच्या १३व्या अध्यायात आहे. २३व्या अध्यायात तर मुलाला छडीने मारायला स्पष्टच सांगितले आहे. मारहाणीला विरोध करणारे काही सज्जन म्हणतात, की ही मेंढपाळाची काठी आहे. ती मेंढरांना वाट दाखवते, मारत नाही. भावना चांगली आहे, पण मला हे पटत नाही. २३व्या अध्यायातला मजकूर माराविषयीच आहे. शास्त्राचा मान राखायचा तर त्यात जे लिहिले आहे ते आधी सरळ वाचले पाहिजे.

पण मग सगळेच सरळ वाचावे लागेल. त्याच नीतिसूत्रांच्या २६व्या अध्यायात मूर्खाच्या पाठीसाठी छडी सांगितली आहे, आणि तो मूर्ख मोठा माणूस आहे. आज कोणत्या मंडळीत प्रौढ सभासदाला पाळक फटके देतात? जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात आईबापांचे न ऐकणाऱ्या बंडखोर मुलाला गावाने दगडमार करून ठार करावे, असा नियम आहे. निर्गमाच्या २१व्या अध्यायात मालकाने गुलामाला काठीने मारल्यास काय करावे, याचे नियम आहेत. हे सगळे त्या काळाचे, आपल्यावर बंधनकारक नाही, असे एकूण एक मंडळ्यांनी केव्हाच ठरवले आहे. विल्यम वेब या धर्मअभ्यासकाने २०११च्या आपल्या पुस्तकात हाच प्रश्न लावून धरला: बाकीच्या काठ्या खाली ठेवल्या, तर मुलावरचीच हातात का राहिली? माझ्या मते याचे उत्तर शास्त्रात सापडत नाही. गुलाम मुक्त झाला, मोठ्या माणसाला हक्क मिळाले. मूल लहानच राहिले, म्हणून त्याच्यावरची काठी राहिली.

नव्या करारातला छडीवाद्यांचा भक्कम आधार इब्री लोकांस पत्राच्या १२व्या अध्यायात आहे. देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो, आणि शिक्षा सोसणे ही पुत्रत्वाची खूण आहे, असा तिथला विचार. तो नाकारायचे कारण नाही. पण ते पत्र छळ सोसणाऱ्या श्रद्धावंतांना धीर देण्यासाठी लिहिलेले आहे. घरात मुलाशी कसे वागावे हे पौलाच्या नावाने आलेल्या इफिसकर आणि कलस्सैकर यांच्या पत्रांत येते, आणि तिथे बापांना दिलेली सूचना एकाच अर्थाची आहे: मुलांना चिडीला पेटवू नका, त्यांचे मन खचवू नका. रोमन कायद्याने कुटुंबप्रमुखाला मुलांवर जवळजवळ अमर्याद सत्ता दिलेली होती. त्या जगात बापाच्या हाताला मर्यादा घालणारे हे वाक्य किती धाडसाचे होते, हे आज वाचताना चटकन लक्षात येत नाही.

‘प्रेमाने मारणे वेगळे आणि छळ वेगळा,’ हे वाक्य प्रत्येक चर्चेत येते. म्हणणाऱ्यांचा हेतू बहुधा प्रामाणिक असतो. खरी अडचण पुढे येते. मुलाची इच्छाशक्ती मोडेपर्यंत मारायचे असे एकदा ठरवले, की न मोडणाऱ्या मुलासमोर थांबायचे कुठे? १९९४ साली अमेरिकेत ‘टू ट्रेन अप अ चाइल्ड’ हे मायकल आणि डेबी पर्ल या दांपत्याचे पुस्तक निघाले आणि घरीच शिकवणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत खूप पसरले. २००६ ते २०११ या काळात तीन मुले आईवडिलांच्या छळाने दगावली, आणि त्या घरांत हे पुस्तक असल्याच्या बातम्या आल्या. छळ करा असे आम्ही कुठेही लिहिलेले नाही, असे सांगून लेखकांनी जबाबदारी नाकारली. मृत्यूचा दोष एका पुस्तकावर टाकता येत नाही, हे मलाही मान्य आहे. पण मूल शरण येईपर्यंत थांबू नका, अशी शिकवण देणाऱ्याने थकलेल्या, संतापलेल्या, एकट्या पडलेल्या पालकाच्या हातात ती गेल्यावर काय होईल, याचा विचार करायलाच हवा होता.

शिस्तीचा दुसरा रस्ता ख्रिस्ती परंपरेतच आहे. तुरीनमध्ये रस्त्यावरची आणि तुरुंगातून सुटलेली पोरे सांभाळणाऱ्या डॉन बॉस्को यांनी १८७७ साली आपली प्रतिबंधक पद्धत लिहून काढली. शिक्षकाने सतत मुलांत राहावे, खेळावे, चूक घडण्याआधी सावध करावे आणि मारू नये, हे तिचे सार. मुंबईकरांना माटुंग्याची डॉन बॉस्को शाळा ठाऊक असते, ही पद्धत मात्र फारशी ठाऊक नसते. ती छडीपेक्षा कितीतरी अवघड आहे, कारण मोठ्या माणसाचा वेळ आणि संयम दोन्ही खर्ची पडतात.

पुन्हा दक्षिण आफ्रिकेकडे. शाळेतली छडी गेली, तरी घरात ‘माफक व वाजवी शिक्षा’ हा पालकांचा बचाव न्यायालयात चालत होता. मारहाणीच्या एका खटल्यात २०१७ साली उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. शिक्षा झालेल्या बापाने पुढे अपील केले नाही. ते केले ‘फ्रीडम ऑफ रिलिजन साउथ आफ्रिका’ या ख्रिस्ती संघटनेने. १८ सप्टेंबर २०१९ रोजी घटना न्यायालयाने तेही एकमताने फेटाळले. निकाल लिहिणारे तेव्हाचे सरन्यायाधीश मोगोएंग मोगोएंग स्वतः उपदेश करणारे, आपली श्रद्धा कधीही न लपवणारे ख्रिस्ती आहेत. हिंसेपासून मुक्त राहण्याचा घटनेतला हक्क सरकारी आणि खासगी दोन्ही हिंसेविरुद्ध आहे आणि मूल त्या हक्कातून वगळलेले नाही, हे त्यांनी मांडले. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शाळेत मारायला बंदी आहे. घरातल्या माराला मात्र अशी स्पष्ट बंदी अजून नाही.

छळ रोखायचा तर मारहाण थांबवणे पुरेसे नाही, कोणी तरी तोंडही उघडावे लागते. दक्षिण आफ्रिकेच्या २००५च्या बालक कायद्याचे ११०वे कलम ज्यांच्यावर छळाची खबर देण्याचे बंधन घालते, त्यांत डॉक्टर आणि शिक्षकांबरोबर धर्मगुरूही आहेत. भारतात ‘पॉक्सो’ कायद्याच्या १९व्या कलमाने मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबाबत हे बंधन प्रत्येकावर आहे, पाळकांवर आणि फादरांवरही. मंडळीची अब्रू जाईल म्हणून प्रकरण आतल्या आत मिटवणे हा त्यामुळे गुन्हा ठरतो. लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेले बरे, असे येशूने मत्तयाच्या १८व्या अध्यायात म्हटले आहे; तिथे मंडळीच्या अब्रूचा उल्लेख नाही. पण पापांच्या कबुलीजबाबात फादरांच्या कानावर आलेल्या गोष्टीचे काय? ती गुप्त राखण्याचे धार्मिक बंधन आणि खबर देण्याचा कायदा यांची टक्कर अनेक देशांत झाली आहे. पुढच्या लेखांकात तिच्याविषयी.