प्रॉक्सीचा पडदा केवढा?

प्रॉक्सी वापरली की आपण कोण हे कुणालाच कळत नाही, अशी पुष्कळ मुलांची (आणि मोठ्यांचीही) समजूत असते. ती अर्धीच खरी आहे.

समजा, सातिवलीच्या एका गाळ्यातल्या कामगाराला सांडपाण्याविषयी निनावी तक्रार करायची आहे. तो पत्र दादरच्या ओळखीच्या माणसाकडे पाठवतो, तो ते नव्या पाकिटात घालून पेटीत टाकतो. शिक्का दादरचा! पण दादरच्या माणसाला दोन्ही टोके ठाऊक आहेत. प्रॉक्सी म्हणजे हा माणूस. संकेतस्थळाला तिचा आयपी क्रमांक दिसतो. आपला क्रमांक, वेळ आणि जायचे ठिकाण मात्र तिच्या वहीत राहू शकते. भारतात सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने, सर्वसामान्यांना व्हीपीएन पुरवणाऱ्यांवर ग्राहकाचे नाव, पत्ता व दिलेले क्रमांक पाच वर्षे जपण्याचे बंधन घातले. शिवाय प्रॉक्सीतून जाऊन आपल्याच खात्यात लॉगिन करणे म्हणजे निनावी पत्राखाली सही ठोकणे.

आयपी क्रमांक जोडणीचा असतो, माणसाचा नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटे आधी आलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकन नागरिकाच्या घरी पोचला. त्याचे वाय-फाय खुले होते. ते दुसऱ्याच कुणीतरी वापरले होते. लपला एक, चौकशी दुसऱ्याची.

'टॉर'मध्ये एकाऐवजी तीन मध्यस्थ असतात आणि एकालाही दोन्ही टोके दिसत नाहीत. रचना खरोखर हुशारीची आहे. तरी डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात परीक्षा टाळण्यासाठी बॉम्बची खोटी धमकी देणारा विद्यार्थी सापडला. टॉर कुणी फोडले नाही. ई-मेल टॉरमधून आल्याचे दिसत होते, आणि त्या सुमारास विद्यापीठाच्या जाळ्यातून टॉर कोण वापरत होते याची नोंद विद्यापीठाकडेच होती. विचारल्यावर त्याने कबुली दिली.

वर्गात हे करून पाहता येईल. तीन मुले मध्यस्थ, बाकीची पाकिटे पाठवणारी. एक मुलगी पाठवणाऱ्यांजवळ बसून कुणी किती वाजता पाकीट दिले ते लिहील, दुसरी शेवटच्या मध्यस्थाजवळ बसून पाकीट किती वाजता, कुणाला पोचले ते. पाकीट कुणी उघडायचे नाही. दहा पाकिटे झाली की दोन्ही वह्या शेजारी ठेवा आणि जोड्या लावायला मुलांनाच सांगा.