कॅप्टन नेमो : बुंदेलखंडाचा राजपुत्र आणि त्याची पाणबुडी

ज्यूल व्हर्न (१८२८-१९०५) यांच्या साहसकथा भा. रा. भागवतांच्या रूपांतरांमुळे मराठी किशोरवाचकांस परिचित झाल्या. मात्र त्यामुळेच की काय, 'नॉटिलस' पाणबुडी व तिचा कप्तान नेमो यांना बालवाङ्मयात टाकून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखात नेमोच्या भारतीयत्वाचा विचार केला आहे.

१८६९-७० मधील 'समुद्राखालून वीस हजार लीग' या कादंबरीत (ही लीग खोलीची नव्हे, प्रवासाची, सुमारे ८०,००० किलोमीटर) नेमोचा देश कळत नाही. लॅटिनमध्ये 'नेमो' म्हणजे 'कोणीही नाही'. व्हर्न यांच्या मनात प्रथम पोलंडचा सरदार होता. रशियाचा रोष ओढवू नये म्हणून प्रकाशक हेट्झेल यांनी त्यास विरोध केला. तरीही सिंहलद्वीपाजवळ एका गरीब हिंदी पाणबुड्यास शार्कपासून वाचविल्यावर, आपणही पीडितांच्याच देशाचे, असे नेमो सांगतो.

उलगडा होतो तो 'रहस्यमय बेट' (१८७४-७५) मध्ये. नेमो हा राजपुत्र डक्कार. बुंदेलखंडाच्या राजाचा पुत्र आणि टिपू सुलतानाचा भाचा. युरोपात शिकून तो १८४९ मध्ये परततो, १८५७ च्या उठावात लढतो, कुटुंब गमावतो आणि मोजक्या विश्वासू साथीदारांसह समुद्र जवळ करतो. भूमी हिरावली गेलेल्या राजाची पाणबुडी हेच त्याचे राज्य ठरते. टिपूचे नाते मात्र ओढूनताणून आणलेले वाटते. १७२९ मध्ये पहिले बाजीराव छत्रसालांच्या साहाय्यास धावले तेव्हापासून बुंदेलखंडाचे धागे मराठ्यांशी जुळलेले होते. झाशीचे नेवाळकर डक्कारला अधिक जवळचे ठरले असते.

अधिक गंभीर बाब भाषांतराची आहे. १८७५ मध्ये डब्ल्यू. एच. जी. किंग्स्टन यांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी भाषांतरात उठावाविषयीचा मजकूर बदलून ब्रिटिश सत्तेवरील टीका बोथट करण्यात आली. हेच भाषांतर पुढे पुन्हापुन्हा छापले गेले. सिडनी क्रॅव्हिट्झ यांचे मूळनिष्ठ भाषांतर २००१ मध्ये आले. नेमो अभ्यासक्रमात लावताना कोणती प्रत हाती आहे, हे म्हणूनच आधी पाहावे लागते.

व्हर्न यांची सहानुभूतीही सरळ नाही. 'वाफेचे घर' (१८८०) या कादंबरीत खरेखुरे नानासाहेब पेशवे केवळ सूडाने पेटलेले क्रूर खलनायक म्हणून येतात. कल्पित डक्कारला जे औदार्य लाभले, ते त्यांच्या वाट्याला आले नाही. त्या कादंबरीचा आरंभ तर महाराष्ट्रातच, औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) होतो: १८६७ साली तेथे लागलेल्या, नानासाहेबांना जिवंत वा मृत पकडून देणाऱ्यास इनाम जाहीर करणाऱ्या सूचनापत्राने.