बोअर कोण करतं, बोअर कोण होतं?

शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली की मागच्या सीटवरून हमखास काय ऐकू येतं? "आई, बोअर होतंय!"

आता गंमत ऐका, दोस्तांनो. याच शीळफाट्याला बुलेट ट्रेनचा एक बोगदा बाहेर पडणार आहे. वांद्रे-कुर्ला संकुलापासून इथपर्यंत तब्बल २१ किलोमीटर लांब! त्यातले ७ किलोमीटर तर चक्क ठाणे खाडीखालून! शीळफाट्याकडचा सुमारे ५ किलोमीटरचा भाग सुरुंग लावून खोदला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो आरपार झाला. उरलेल्या १६ किलोमीटरसाठी अवाढव्य यंत्रं लागतात. त्यांचं नाव ओळखा बरं? टनेल बोरिंग मशीन!

काय? कंटाळवाणं यंत्र? छे, छे! इंग्रजीत 'बोअर' या क्रियापदाचा जुना अर्थ आहे भोक पाडणं. 'बोअरचं पाणी' म्हणतो ना आपण? ते जमिनीला भोक पाडूनच वर येतं. भाताचं खोड पोखरणारा खोडकिडा माहीत आहे? इंग्रजीत तो 'स्टेम बोरर'!

कंटाळ्याचा अर्थ मात्र खूप नंतरचा, अठराव्या शतकातला. तो नेमका कुठून आला, हे शब्दकोश लिहिणाऱ्यांनाही कोडंच आहे!

आता खरी मजा. कंटाळा आला की कुणी म्हणतं, "आय ॲम बोरिंग." अरे बापरे! म्हणजे "मी इतरांना कंटाळा आणतो"! म्हणायचं असतं, "आय ॲम बोअर्ड."

हे लक्षात कसं ठेवायचं? पकडापकडी आठवा! ज्याच्यावर राज्य, तो 'बोरिंग'. जो पकडला गेला, तो 'बोअर्ड'. 'इंग'वाला करतो, 'ड'वाल्याला ते होतं.

भोक पाडण्यातही हाच नियम! भोक पाडणारं यंत्र 'बोरिंग' आणि भोक पडलेला खडक 'बोअर्ड'. अर्थ दोन, पण नियम एकच. आहे की नाही कमाल?

आणि हा नियम कितीतरी क्रियापदांना चालतो. दमवणारा चढ 'टायरिंग', दमलेले तुम्ही 'टायर्ड'. रंगलेली मॅच 'एक्सायटिंग', उड्या मारणारे तुम्ही 'एक्सायटेड'!

चला, आता 'सरप्राइज' या क्रियापदाची अशी जोडी तुम्ही बनवा. दोन्ही शब्द वाक्यात वापरा आणि उद्या वर्गात बाईंना म्हणून दाखवा!