शरद आलाय दारात, तुम्ही का घरात?

सप्टेंबर संपता संपता मोबाइलवर लाल-केशरी पानांचे फोटो यायला लागतात. कुणाच्या तरी परदेशातल्या भाच्याने पाठवलेले असतात, नाहीतर एखाद्या जाहिरातीतले. ते बघून आपण सहज म्हणून जातो, ‘किती सुंदर! आपल्याकडे असा ऋतूच नाही.’

नेमकी त्याच वेळी बिल्डिंगच्या फाटकाशी सीताफळांची हातगाडी उभी असते. गच्चीवरचं आभाळ कित्येक आठवड्यांनी धुतल्यासारखं निळं झालेलं असतं आणि तारेवर शेपटी हलवत एक धोबी पक्षी बसलेला असतो, थेट हिमालयाकडून थंडी काढायला आलेला.

ऋतू आहे, त्याचं नाव शरद. आश्विन-कार्तिक हे त्याचे महिने, म्हणजे साधारण सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य. आपल्या झाडांची पानं या दिवसांत लाल होत नाहीत, पण तळी भरलेली असतात, गवत उभं असतं आणि रात्री चांदणं स्वच्छ दिसतं. हे सगळं जेमतेम 6 आठवडे टिकतं. पुढे गवत वाळतं आणि उत्तरेत धुकं-धुरकं सुरू होतं.

गंमत म्हणजे या दिवसांत घराबाहेर पडायचे 3 प्रसंग आपल्या पूर्वजांनी पंचांगातच घालून ठेवले आहेत : दसऱ्याचं सीमोल्लंघन, कोजागिरीचं चांदणं आणि कार्तिकातलं आवळी भोजन. आपण मात्र सीमोल्लंघन ऑनलाइन सेलमध्ये उरकतो, कोजागिरीचं दूध टीव्हीसमोर पितो आणि आवळी भोजन तर विसरूनच गेलो आहोत. यंदा हे तिन्ही प्रसंग पुन्हा घराबाहेर नेऊन बघा.

पहिली सहल : दसऱ्याला खरंच सीमा ओलांडा

सीमोल्लंघन म्हणजे गावाची वेस ओलांडणं. तुमची वेस म्हणजे कॉलनीचं फाटक समजा. दसऱ्याच्या आदल्या किंवा नंतरच्या रविवारी सकाळी 7 वाजता निघा आणि तासाभराच्या अंतरावरचं एखादं माळरान, टेकडी किंवा तळं गाठा.

साताऱ्याजवळच्या कास पठाराचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जागतिक वारसा म्हणून 2012 साली युनेस्कोने नोंदवलेल्या पश्चिम घाटाच्या ठिकाणांत ते आहे. पण तिथला बहर दसऱ्यापर्यंत ओसरू लागतो आणि सुट्टीच्या दिवशी गर्दीही फार असते. कास जमलं नाही म्हणून हळहळू नका. सह्याद्रीच्या उतारांवर पिवळी सोनकी आणि शेताच्या बांधांवर गुलाबी-पांढरे कुर्डूचे तुरे याच सुमारास दिसतात, तेही तिकिटाशिवाय.

मुलांना एक खेळ द्या. अंगणावर, मैदानावर थव्याने उडणारे चतुर मोजायला सांगा. पाऊस सरल्यावर दिसणाऱ्या या चतुरांपैकी काही समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात, असं संशोधक मानतात. हे कळल्यावर मोबाइल आपोआप खिशात जातो की नाही, बघा.

आणखी एक काम करा. आपट्याचं झाड शोधा. बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाच्या फांद्या विकल्या जातात. दोन्हींची पानं जोडपानासारखीच दिसतात, पण आपट्याचं पान लहान आणि जाडसर असतं. झाड ओरबाडू नका. घरातल्या प्रत्येकाला एकेक पान पुरे.

बाहेर फिरून आल्यावर : सीताफळ आणि शिंगाडा

या ऋतूचा खाऊ हातगाडीवरच मिळतो, फक्त निवडता आला पाहिजे.

सीताफळाचे ‘डोळे’ बघा. डोळ्यांमधल्या खाचा रुंद होऊन पिवळसर दिसू लागल्या की फळ तयार होत आलं. घट्ट फळ घेतलं तर ते फ्रिजमध्ये ठेवू नका, साल काळी पडते आणि फळ पिकत नाही. कागदात गुंडाळून किंवा तांदळाच्या डब्यात 2 दिवस ठेवा. सीताफळाची बासुंदी करणार असाल तर दूध आटवून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच गर घाला. गरम दुधात घातल्यास कडवटपणा येतो. बिया लहान मुलांच्या हाती देऊ नका. त्या चावायच्या नाहीत आणि कुटलेल्या बियांची पूड डोळ्यांना फार घातक असते.

शिंगाडा तळ्यात पिकतो. विदर्भातल्या भंडारा-गोंदियाच्या तलावांपासून मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहारपर्यंत तो या दिवसांत बाजारात येतो. कच्चा शिंगाडा दाताने सोलू नका, तळ्याच्या पाण्यातले जंतू सालीवर असू शकतात. स्वच्छ चोळून धुवा, मिठाच्या पाण्यात कुकरला 2-3 शिट्ट्या द्या आणि गरम असतानाच सोला. सोबतीला ओल्या भुईमुगाच्या शेंगाही तशाच उकडून घ्या.

तुम्ही बंगळुरूला राहत असाल तर शेंगांची वेगळीच मजा आहे. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या नंदी मंदिराजवळ ‘कडलेकाई परिशे’ ही शेंगांची जत्रा भरते. पिशवी घेऊन जा.

दुसरी सहल : गच्चीपर्यंतची

कोजागिरीसाठी गाडी काढायची गरज नाही. लिफ्टने वर गेलात की झालं. ‘को जागर्ति’, कोण जागं आहे, असं विचारत लक्ष्मी फिरते, अशी आपली समजूत. त्याच रात्री बंगाली शेजारी लक्ष्मीपूजन करतात, उडिया घरांत कुमार पौर्णिमा असते आणि उत्तर भारतात चांदण्यात खीर ठेवतात. कोलकाता, भुवनेश्वर किंवा लखनौला राहत असाल तर यापेक्षा चांगलं निमित्त कुठलं? प्रत्येक घराने आपापला पदार्थ गच्चीवर आणावा.

तुमच्या वाट्याला मसाला दूध. 1 लिटर दूध मंद आचेवर पाऊण लिटर होईपर्यंत आटवा. 4-5 चमचे साखर, भरड कुटलेले बदाम-पिस्ते, चारोळी, वेलची, चिमूटभर जायफळ आणि केशराच्या काड्या घाला. आयुर्वेदात शरद हा पित्त वाढण्याचा काळ मानला आहे, म्हणून या दिवसांत गोड आणि थंड पदार्थांना मान. पण मधुमेह असलेल्यांसाठी अर्धं दूध बिनसाखरेचं आधीच बाजूला काढून ठेवा, म्हणजे कुणाला नुसतं बघत बसावं लागणार नाही.

याच रात्री घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळायची पद्धत आहे, तिला आश्विनी म्हणतात. तुमच्या घरातलं ‘थोरलं अपत्य’ कदाचित 70 वर्षांचे सासरेच असतील. त्यांना ओवाळायला आता आई नाही, मग नातवंडांनी ओवाळलं तर? चेहरा बघा त्यांचा.

तिसरी सहल : आवळ्याखाली पंगत

कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली बसून जेवायचं, हे आवळी भोजन. उत्तरेत कार्तिक शुद्ध नवमीला आंवला नवमी म्हणून हेच करतात आणि तेलुगू घरांत कार्तिक महिन्याचं वनभोजन प्रसिद्ध आहे. म्हणजे जवळपास सगळा देश या महिन्यात झाडाखाली जेवत होता.

शहरात आवळा कुठे शोधायचा? कृषी महाविद्यालयाचं आवार, रोपवाटिका, मोठ्या बागा. नाहीच मिळाला तर कुठलीही दाट सावली चालेल. डब्यात न बिघडणारे पदार्थ घ्या : दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दडपे पोहे आणि मीठ लावलेल्या आवळ्याच्या फोडी. आवळा खाऊन वर पाणी प्यायलं की ते गोड लागतं. हा साधा चमत्कार मुलांना करून दाखवाच. परत येताना कचरा पिशवीत भरून आणा.

निघताना एवढं लक्षात ठेवा

• पाऊस जाऊन आभाळ मोकळं होतं, जमीन मात्र ओली असते. त्यामुळे ऊन आणि दमटपणा एकत्र येऊन ‘ऑक्टोबर हीट’ जाणवते. सकाळी 10 च्या आत परत या किंवा दुपारी साडेचारनंतर निघा.

• उंच गवतात बंद बूट घाला, साप असू शकतात. भरलेल्या तळ्यात, धरणाच्या पाण्यात उतरू नका.

• डासांचे आजार याच काळात वाढतात. मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

• दिल्ली आणि आसपास राहत असाल तर सहली दिवाळीआधी उरका. नंतर हवा बिघडते. सप्तपर्णीचा दाट वासही ऑक्टोबरमध्येच येतो.

आजींना ‘तुम्ही बसा घरी’ म्हणू नका

गाव सोडून मुलाकडे राहायला आलेल्या आजी-आजोबांचा दिवस अनेकदा बाल्कनीत जातो. सहल ठरली की आपण काळजीपोटी म्हणतो, ‘तुमचे गुडघे दुखतील, तुम्ही बसा घरी.’ पण आपट्याचं पान कुठलं, सीताफळ कधी पिकेल, शिंगाडा कसा सोलायचा हे घरात त्यांनाच माहीत असतं. या ऋतूत त्या पाहुण्या नसतात, जाणत्या असतात.

म्हणून जागा त्यांच्या गुडघ्यांना झेपेल अशी निवडा. गाडी जवळ जाईल, बसायला बाक असेल आणि स्वच्छतागृह असेल, एवढं आधी बघून ठेवा. घडीची खुर्ची सोबत घ्या. टेकडीचं टोक राहिलं तरी चालेल.

‘पुढच्या वर्षी नक्की जाऊ’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. पुढच्या वर्षी मुलाची दहावी असेल, आजींना कदाचित जिना चढवणार नाही. शरद पुढच्या वर्षीही येईल. पण तुम्ही सगळे एकत्र, आहात तसे, याच वर्षी आहात. येत्या रविवारी सकाळचा गजर लावा आणि आज संध्याकाळी खाली जाऊन 4 सीताफळं घेऊन या, पिकायला 2 दिवस लागतील.